वाचकांचे प्रश्न : खाण आणि घरे, एकाच शिवारात

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे दगडखाणी आणि गावातील घरबांधणी यांच्याविषयी होती. विषय एकच असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची व गावांची नावे दिलेली नाहीत.

आमचे गाव सुमारे दोन हजार वस्तीचे आहे. गावठाणाच्या उत्तर हद्दीपासून साडेतीनशे मीटरवर चार हेक्टरची दगडखाण चालू आहे. खाणीचा भाडेपट्टा असलेल्या पट्टेधारकाने गावाच्या बाजूचे आणखी तीन हेक्टर मागितले असून, ते मिळाल्यास खाणीची कड गावठाणापासून साधारण दोनशे वीस मीटरवर येईल. पुढील ग्रामसभेत हा विषय आहेच. शिवाय घरकुलांसाठी गावठाण वाढवून मागण्याचा आणि उत्तरेकडच्याच शेतांत साठ भूखंडांच्या रेखांकनाला (ले-आउटला) ना-हरकत देण्याचा विषयही आहे. सरपंच म्हणतात की सर्वांना होकार देऊ, रोजगारही राहील आणि घरेही होतील. मी काय भूमिका घ्यावी? — ग्रामपंचायत सदस्या, पुणे जिल्हा

आपल्या विषयपत्रिकेवर हे तीन विषय वेगवेगळ्या क्रमांकांवर लिहिलेले असतील, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते, असे मला वाटते. जमीन एकच आहे आणि तिन्ही मागण्या तिच्यावर एकाच दिशेने सरकत आहेत. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की सभेत हे विषय एकामागून एक मतास टाकू देऊ नका. तिन्ही एकत्र चर्चेस घ्या, आणि तेही गावाचा नकाशा भिंतीवर लावून.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत मिळते. तिच्यावर खाणीचे सध्याचे आणि मागितलेले गट क्रमांक रंगवा, गावठाणाची हद्द ठळक करा, आणि दोन रेषा काढा. पहिली रेषा गावठाणाच्या हद्दीपासून बाहेर २०० मीटरवर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१७ मध्ये आलेल्या कलम ४२-ड प्रमाणे या पट्ट्यातील जमीन, विकास नियंत्रण नियमांच्या अधीन राहून आणि रूपांतर कर भरल्यावर, निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. म्हणजे कायद्यानेच घरांना त्या रेषेपर्यंत वाट करून दिली आहे. दुसरी रेषा खाणीच्या कडेपासून गावाकडे २०० मीटरवर. सुरुंग उडवणाऱ्या खाणींनी वस्तीपासून किमान २०० मीटर आणि सुरुंग न वापरणाऱ्यांनी किमान १०० मीटर दूर असावे, अशी भूमिका केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडली आहे. या अंतरावरून पुढे न्यायालयांत वाद झाले, त्यामुळे आपल्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीत व भाडेपट्ट्याच्या अटींत कोणते अंतर लिहिले आहे ते स्वतः वाचून घ्या. परंतु विचार करण्यासाठी हा आकडा पुरेसा आहे.

आता या दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात ते पाहा. दोनशे आणि दोनशे मिळून चारशे होतात, आणि आपल्याकडे आजच अंतर साडेतीनशे आहे. म्हणजे विस्तार न होताही ४२-ड च्या पट्ट्यातील शेवटचे पन्नास मीटर खाणीच्या अंतराच्या आत येतात. विस्तार झाला तर ४२-ड चा पट्टा जिथे संपतो तिथून खाणीची कड अवघ्या वीस मीटरवर राहील. त्याच शेतांत साठ भूखंड पाडले, की पाच वर्षांनी तिथे राहायला आलेली माणसे खाण बंद करा म्हणून अर्ज करतील, खाणवाले आम्ही आधी आलो असे म्हणतील, आणि दोघांच्याही हातात आपल्याच ग्रामसभेचा ठराव असेल. हे अंतर दोन्ही बाजूंनी राखावे लागते. खाणीला अट घालायची आणि घरांना मोकळे सोडायचे, किंवा त्याच्या उलट करायचे, यातून ते कधीच राखले जात नाही.

पुण्याजवळच्या वाघोलीत हेच घडलेले आपल्या जिल्ह्यातील पुष्कळांनी पाहिले आहे. नगर रस्त्यावरचे हे गाव अनेक वर्षे खाणींसाठी आणि खडीसाठी ओळखले जात होते. पुण्याच्या इमारतींना लागलेल्या खडीचा मोठा वाटा तिथल्या काळ्या पाषाणातून आला. खाणमजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने तिथे पाषाण शाळा चालवल्या, यावरून ती वस्ती किती मोठी होती याची कल्पना येईल. नंतर त्याच शिवारात मोठे गृहप्रकल्प उभे राहिले. खाणी, क्रशर, डंपरचे रस्ते आणि हजारो सदनिका एकमेकांना खेटून वाढल्या, आणि ३० जून २०२१ रोजी गाव पुणे महापालिकेत गेले, तेव्हा रस्ते, पाणी आणि सांडपाणी यांची सगळी थकबाकी पालिकेकडे गेली. खाण आणि घर यांच्यामधली जागा मोकळी ठेवण्याची संधी ग्रामपंचायतीच्या काळातच होती. आपली ग्रामपंचायत आज त्या टप्प्यावर उभी आहे, आणि म्हणून आपले पत्र मला इतके महत्त्वाचे वाटले.

भूमिका म्हणाल तर मी अशी सुचवीन. घरकुलांची गरज प्रथम धरावी, कारण ती गावातल्या भूमिहीनांची आहे. गावठाण विस्ताराचा प्रस्ताव उत्तरेऐवजी खाणीपासून दूरच्या बाजूने मागावा. गावठाणाची हद्द ठरवणे हे संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचे काम आहे, पण बाजू कोणती हे गावानेच सांगायला हवे. गायरान सुचवले जात असेल तर जपून पावले टाका, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनी इतर कामांना देण्यावर कडक निर्बंध आहेत. साठ भूखंडांच्या रेखांकनाबाबत, खाणीपासून २०० मीटरच्या आत एकही भूखंड नसावा आणि ती पट्टी रेखांकनातच मोकळी जागा म्हणून दाखवावी, अशी अट घालावी. खाण गावाच्या दिशेने वाढवायला स्पष्ट नकार द्यावा. खाणीच्या पलीकडे, उत्तरेकडे विस्तार शक्य असेल तर त्याचा विचार वेगळा, पाण्याची तपासणी झाल्यावर करावा. सर्वांना होकार देण्यात सरपंचांचा हेतू चांगला असेलही, तरी नकाशावर तो होकार बसत नाही.

आणखी एक मुद्दा सोडू नका. चारचे सात हेक्टर झाले की क्षेत्र पाच हेक्टरच्या वर जाते आणि पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि ती जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली होते. पट्टेधारकाने हेच तीन हेक्टर दुसऱ्या नावाने वेगळा पट्टा म्हणून मागितले, तरी ५०० मीटरच्या आत असलेले पट्टे एकत्रित समूह म्हणून मोजण्याची तरतूद आहे. लहान तुकडे पाडून मंजुरी टाळण्याचा हा मार्ग बंद व्हावा म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरखालील गौण खनिजांच्या (दगड, वाळू, मुरूम अशा) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली.

आमच्या घरांच्या भिंतींना तडे गेले आहेत. खाणवाले म्हणतात की घरे जुनी आहेत, सुरुंगाचा संबंध नाही. तलाठी पंचनामा करून गेले, पुढे काही झाले नाही. हे सिद्ध कसे करायचे? — निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

गुरुजी, तड्याकडे बोट दाखवून काही सिद्ध होत नाही, हे आपल्याला आलेल्या अनुभवावरून कळलेच आहे. मातीच्या, दगडमातीच्या आणि काळ्या जमिनीवरच्या घरांना सुरुंगाशिवायही तडे जातात. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. त्यामुळे वाद भिंतीवरून जमिनीच्या हादऱ्यावर न्यावा लागतो, कारण हादरा मोजता येतो.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये त्यासाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीची नसलेली घरे असतील तर जमिनीच्या कंपनाचा कमाल वेग, कंपनाची वारंवारिता (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असल्यास १० मिलिमीटर आणि त्यावर १५ मिलिमीटर यांपेक्षा जास्त नसावा. हे मोजण्याचे यंत्र घराच्या पायाशी ठेवावे लागते, खाणीत नव्हे. तेव्हा आपली मागणी एका वाक्यात मांडा : पुढील सुरुंगाच्या वेळी गावातील अमुक तीन घरांपाशी कंपनमापन करावे, त्या वेळी गावकऱ्यांचे प्रतिनिधी हजर असावेत आणि नोंदीची प्रत ग्रामपंचायतीला मिळावी. हा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे आणि त्याची प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवा. सुरुंग वापरणारी खाण ही १९५२ च्या खाण अधिनियमाने लहान उघड्या खाणींना दिलेल्या सवलतीत बसत नव्हती. ती सवलत सहा मीटरपर्यंत खोल, पन्नासपर्यंत माणसे आणि स्फोटके नाहीत अशा तिन्ही अटी पाळणाऱ्यांनाच होती.

एक साधे काम मात्र आजच सुरू करा, आणि यात आपले माजी विद्यार्थी उपयोगी पडतील. वहीत प्रत्येक सुरुंगाची तारीख, वेळ, भोंगा वाजला की नाही आणि दगड उडून कुठपर्यंत आले हे लिहून ठेवा. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घाला आणि दर पंधरा दिवसांनी शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढा. तडा वाढतो आहे की स्थिर आहे, आणि वाढतो तो सुरुंगाच्या दिवसांत की कडक उन्हाळ्यात, हे तीन-चार महिन्यांत दिसू लागेल. ते आपल्या बाजूने आले नाही तरी त्याचा स्वीकार करा. पण आले, तर पंचनाम्याच्या कागदापेक्षा ही वही अधिक जड ठरेल.

माझ्याकडे दोन डंपर आहेत, कर्ज काढून घेतलेले. गावातली चाळीस घरे खाणीवर आणि क्रशरवर चालतात. खाणीला विरोध करणारे बहुतेक जण बाहेरून येऊन प्लॉट घेतलेले आहेत. आमच्या पोटाचा विचार कोणी करायचा? — एक वाचक, सातारा जिल्हा

आपला विचार प्रथम ग्रामसभेनेच करायला हवा, आणि तो नुसत्या सहानुभूतीने होणार नाही. खडीशिवाय रस्ता नाही, घरकुलाचा पाया नाही आणि शाळेची खोलीही नाही. ज्यांनी नवी घरे बांधली त्यांच्या स्लॅबमध्ये याच खाणींची खडी आहे. दगड फोडणारी वडार समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत, आणि खाणीचा वाद सुरू झाला की त्यांना विचारायला कोणी जात नाही, याचे मला दुःख वाटते. ती गावाच्या मतदार यादीत नसतील तर ग्रामसभेत त्यांना आवाजही नसतो.

तरीही आपल्याला एक प्रश्न विचारतो, रागावू नये. खाणीचा पट्टा किती वर्षांचा आहे आणि त्यात किती दगड शिल्लक आहे, हे कर्ज घेताना आपण पाहिले होते का? खाणकाम आराखड्यात दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात आणि माहितीच्या अधिकारात तो आराखडा मागता येतो. कर्जाचे हप्ते पट्ट्याच्या मुदतीपलीकडे जात असतील, तर आपले हित खाण कशीही वाढण्यात नसून ती नियमात राहून पूर्ण मुदत चालण्यात आहे. धूळ आणि हादरे यांच्या तक्रारी साचत गेल्या की कधीतरी एखाद्या आदेशाने खाण एका दिवसात बंद होते, आणि त्या दिवशी मालकापेक्षा डंपरवाल्याचे नुकसान मोठे असते.

धुळीवर उपाय महाग नाहीत. पर्यावरण संरक्षण नियमांत क्रशरसाठी ते सांगितले आहेत : धूळ रोखणारी बंदिस्त यंत्रणा व पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारातील पक्के रस्ते, जमीन ओली ठेवणे आणि कडेने झाडांची रांग. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील तरंगत्या कणांचे प्रमाण घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे अशी मर्यादा आहे. आपण वाहतूकदारांनी एकत्र येऊन मालाला ताडपत्री घालण्याचे, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी गावातून गाडी न नेण्याचे आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त न भरण्याचे लेखी मान्य केले, तर ग्रामसभेत आपल्या बाजूने उभे राहणारे हात वाढतील. प्लॉटवाल्यांनाही पहाटे चार वाजता डंपर नको असतो. खाणच नको असते असे नाही.

ग्रामसभेला वीसच माणसे होती, तरी खाणीला ना-हरकत मंजूर झाल्याचे इतिवृत्तात आहे. हे वैध आहे का? — एक वाचक, नाशिक जिल्हा

ग्रामसभेची गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. ती नसेल तर सभा तहकूब करावी लागते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीचे बंधन नसते, आणि पुष्कळ ठराव नेमके तिथे होतात. म्हणून इतिवृत्ताबरोबर उपस्थितीची नोंदवही, पहिल्या सभेची नोटीस आणि तहकुबीची नोंद या तिन्हींच्या प्रती मागा. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणेही कायद्याने आवश्यक आहे; ती झाली होती का, हेही विचारा. नोंदींत विसंगती आढळल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

ग्रामसभेने नाही म्हटले तर खाण थांबते का? आणि हो म्हटले तर गावाला पैसे मिळतात का? — उपसरपंच, सोलापूर जिल्हा

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्र असेल तर १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य त्या पातळीवरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. आपल्या तालुक्याला ते लागू नाही. तिथे ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाचे म्हणणे. निर्णय महसूल यंत्रणेचा आणि पर्यावरण मंजुरी राज्याच्या प्राधिकरणाची. म्हणूनच नुसते ‘विरोध आहे’ असे लिहिलेला ठराव दुबळा असतो. कोणत्या गटातील विहीर खाणीपासून किती अंतरावर आहे, शाळा किती अंतरावर आहे, रस्त्याची रुंदी किती आहे, हे आकडे ठरावात असले तर अधिकाऱ्याला ते बाजूला सारताना कारण लिहावे लागते, आणि पुढे हरित लवादाच्या पुणे येथील खंडपीठाकडे जायची वेळ आली तर तेच कागद उपयोगी पडतात. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत करायचे असते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. ही मुदत चुकल्यामुळे खरी बाजू असलेली गावे हरतात, म्हणून ती लक्षात ठेवाच.

पैशांचे म्हणाल तर स्वामित्वधन (रॉयल्टी) शासनाचे आहे, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजे शासनाची. २०२१ पासून दगडाचा दर ब्रासला ६०० रुपये आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. एक हेक्टर जागेत एक मीटर खोल खोदले की १०,००० घनमीटर, म्हणजे साधारण ३,५०० ब्रास घट्ट दगड निघतो आणि त्याचे स्वामित्वधन २१ लाख रुपयांच्या घरात जाते. हा हिशेब गावाने करून ठेवला पाहिजे, कारण खड्डा लपवता येत नाही. खड्ड्याचे माप आणि भरलेले स्वामित्वधन यांत तफावत दिसली तर इलेक्ट्रॉनिक मोजणीची मागणी करा. अवैध उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. गावाकडे पैसा येण्याचा रस्ता जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून जातो. पट्टेधारकांनी स्वामित्वधनाव्यतिरिक्त भरलेली रक्कम तिथे जमा होते आणि ती बाधित गावांतील पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च करायची असते. आपण प्रस्ताव पाठवला नाही तर ती दुसरीकडे जाते.

विहिरींविषयी दोन वाक्ये लिहितो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटींमधून आणि थरांच्या सांध्यांमधून वाहते, त्यामुळे खाण त्या सांध्याखाली गेली आणि पंप लावून तिच्यातील पाणी उपसले जाऊ लागले, की शेजारच्या विहिरीचे पाणी त्या खड्ड्याकडे वळू शकते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत पाच-सहा विहिरींची पातळी दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहिली, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तपासणी मागताना आपल्या हातात पुरावा राहील.

मुंबईत राहून गावाकडे प्लॉट घेत आहे. जवळ खाण आहे, पण ती ‘लवकरच बंद होणार’ असे विकणारे सांगतात. विश्वास ठेवावा का? — एक वाचक, डोंबिवली

तोंडी शब्दावर ठेवू नये. तहसील कार्यालयातून त्या गटाच्या खाणपट्ट्याची मुदत आणि नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित आहे का, याची माहिती घ्या. मंजूर रेखांकनाची प्रत पाहा आणि आपल्या भूखंडापासून खाणीच्या कडेपर्यंतचे अंतर स्वतः मोजा. खाण खरोखरच बंद होणार असेल, तर तिच्या समापन आराखड्यात कुंपण, कडांचा उतार आणि खड्ड्याचे पुढे काय करायचे हे लिहिलेले असते, तेही वाचा. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते आणि तिथे पोहायला उतरलेली मुले बुडतात, हे आपल्या राज्यात वारंवार घडते. कुंपणाचा खर्च कोणी करायचा याचे उत्तर त्या आराखड्यात नसेल, तर तो प्लॉट घेऊ नका, आणि न घेण्याचे कारण त्या गावच्या ग्रामपंचायतीला पत्राने कळवा.